भाऊराव आतून रिकामे होते

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा. कारण पुढे मी जे सांगणार आहे ना, त्यात निम्म्या वाटेपर्यंत तुमच्या अंगावर काटा येईल, आणि त्यानंतर तुम्ही माझ्याकडे अशा काही नजरेनं बघाल की मला हा चहासुद्धा कडू लागेल. माणसानं मूर्खपणा करावा, कोण नाही म्हणतं? पण त्याला काही धरबंध?

तर, मी रायपुरात काकूंच्या घरी वरच्या खोलीत राहतो. अमरावतीहून नोकरीसाठी आलो, तेव्हा काका होते. काका रेल्वेतून रिटायर, काकू शाळेत जीवशास्त्र शिकवून रिटायर. मूळचे दोघं वर्ध्याकडचे. मूलबाळ नाही. मला भाडेकरू म्हणून ठेवलं आणि महिन्याभरात जेवायला खाली बोलवायला लागले. असे लोक.

आणि खाली घरात तिसरे होते भाऊराव.

भाऊराव म्हणजे लॉबस्टर. काचेच्या टाकीतला. झिंग्याचा थोरला भाऊ समजा, निळसर काळा, वीतभर लांब, मिशा त्याहून लांब. काकूंनी जन्मभर पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून असले प्राणी शिकवले. म्हणून त्या रिटायर झाल्या त्या दिवशी काकांनी सदर बाजारामागच्या गल्लीतल्या दुकानातून हा जिवंत उचलून आणला. म्हणाले, "घे, आता याच्यावर बोट ठेव." काकूंनी ठेवलं. भाऊरावांनी धरलं. तिथून जे प्रेम जमलं ते जमलं.

धरलं ते उजव्या नांगीनं. डावी नव्हतीच. दुकानातल्या जाळीत अडकून तुटलेली. त्या जागी नुसता एक बोंडासारखा उंचवटा होता.

मागच्या वर्षी काका गेले. ध्यानीमनी नसताना, दुपारच्या झोपेतच. त्यानंतर काकू फारशा कुणाशी बोलत नसत. पण दिवेलागणीला टाकीचा निळा दिवा लावायच्या, काकांच्या आरामखुर्चीत त्यांचीच शाल पांघरून बसायच्या आणि भाऊरावांना दिवसभराचं सगळं सांगायच्या. भाऊराव काचेवर नांगी आपटायचे. टक. टक. मी जिन्यावरून ऐकायचो. खरं सांगू? मला ते ऐकून बरं वाटायचं नाही.

पितृपक्षात काकू गयेला निघाल्या, काकांचं श्राद्ध करायला. सोबत धाकटी बहीण आणि भाऊजी. जाताना मला टाकीसमोर उभं केलं.

"नितीन, पूर्ण घर उचलून नेलं कोणी तरी चालंल मले. पण याले काही झालं तर मी कोणाले तोंड दाखवू? यांच्या हातची जिवंत वस्तू हीच एक उरली आहे."

"काकू, तुम्ही निश्चिंत जा. डोळ्यांत तेल घालून सांभाळतो."

"तेल नको घालू. रोज दोन गोळ्या खायला घाल. आणि त्याच्या काही भानगडीत पडू नको. त्याचं त्याले समजते."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं, पण मी तेव्हा मोबाइलवर त्यांची ऑटो कुठपर्यंत आली ते बघून राहिलो होतो.

आता ऐका. रविवार. आभाळ सकाळपासून काळं, हवा अशी दाटलेली की पानही हलत नव्हतं. दिवेलागणीला मी खाली आलो, काकांच्या खोलीचं दार ढकललं, टाकीचा दिवा लावला.

भाऊराव तळाशी आडवे पडले होते.

एका कुशीवर. मिशा पसरलेल्या. मी काच वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. पंपाचे बुडबुडे तेवढे वर येत होते आणि त्यांच्या धक्क्यानं भाऊरावांचा एक पाय हलकेच वरखाली होत होता. कुणी झोपेत "ये, ये" म्हणतं तसा.

काकूंना काय सांगू? नवरा गेला, आता त्यानं दिलेला हा पण गेला, आणि गेला तो माझ्या राखणीत.

जाळी घातली आणि त्यांना वर काढलं. आणि इथून पुढे, मित्रहो, प्रकरण वेगळंच झालं.

भाऊरावांना वजनच नव्हतं.

अख्खा वीतभर देह तळहातावर ठेवला, तर कांद्याचं साल ठेवल्यासारखं. उजवी नांगी जागेवर, डावीकडचं बोंड जागेवर, पायांवरचे केससुद्धा जागच्या जागी. कुठं ओरखडा नाही, रक्त नाही. फक्त पाठीवर, मानेच्या जरा खाली, एक आडवी फट. दोऱ्याची शिवण उसवावी तशी. मी त्यातून आत डोकावलो.

आत कुणी नव्हतं.

आणि डोळे! डोळ्यांच्या जागी दोन स्वच्छ काचा. आरपार दिसत होतं. मी भाऊरावांच्या डोळ्यांतून काकांच्या खुर्चीवरची शाल बघितली.

मी दोन पावलं मागे सरलो ते थेट त्या खुर्चीतच बसलो, आणि चटका बसल्यासारखा उठलो. आता तुम्हीच सांगा, असं कोण मरतं? बाहेरून सगळं शाबूत आणि आतून माणूस गायब? आमच्या आजोळी एक म्हातारी सांगायची, काही जीव आतूनच ओढले जातात, बाहेर खूण राहत नाही. लहानपणी हसायचो. त्या संध्याकाळी नाही हसलो.

काकूंना फोन करावा? गयेत श्राद्ध चाललंय आणि मी सांगू, इकडे पण एक झालं? छे! म्हटलं, आल्या की समोर बसून सांगू. तोवर निदान देहाची विटंबना नको.

म्हणून पहाटे मी भाऊरावांना धुतलेल्या रुमालात गुंडाळलं, वर तुळशीचं पान ठेवलं, आणि स्कूटरवरून महादेव घाटावर गेलो. पितृपक्षाची गर्दी होतीच. एका पंडितजींनी हाताला धरून बसवलंच.

"किसका है?"

"भाऊराव."

"गोत्र?"

"वो… मालूम नहीं पंडितजी. पानी वाले थे."

पंडितजींनी फार काही न विचारता मंत्र म्हटले. खारुन नदीच्या पाण्यात मी रुमाल सोडला. तो बुडेना. वजनच नाही तर बुडणार कसा? पाण्यावर तरंगत, हळूहळू गोल फिरत, तो परत परत माझ्याकडेच यायला लागला. मी हातानं ढकलला, परत आला. शेवटी पंडितजीच म्हणाले, "जीव अटका है किसी में." मी रुमालात खडा बांधला तेव्हा कुठे भाऊराव खाली गेले.

संध्याकाळी ऑफिसातून आलो. आता टाकीत कोणी नाही, दिवा लावायचं कारण नाही. पण काकू रोज लावतात, म्हणून लावला. आणि सवयीनं दोन गोळ्या टाकल्या. नैवेद्य म्हणा हवं तर.

आणि मला दिसलं की खडे हलले आहेत.

टाकीत कोपऱ्यात एक फुटकं मडकं आडवं ठेवलं होतं, भाऊरावांची बसायची जागा. त्या मडक्याच्या तोंडाशी कुणीतरी खडे रचले होते. आतून. दार लावून घ्यावं तसे. काल ते नव्हते. मी शपथेवर सांगतो, काल नव्हते.

सकाळी बघितलं, खड्यांचा ढीग वाढला होता आणि गोळ्या जशाच्या तशा.

आता पितृपक्षात ठेवलेल्या घासाला कुणी शिवत नाही, याचा अर्थ काय होतो हे मराठी माणसाला सांगावं लागतं का?

मी त्या दिवशी सुट्टी टाकली. दुपारी इतकं अंधारून आलं की रस्त्यावरच्या गाड्यांनी दिवे लावले. आणि मग वीज गेली. पंप बंद. तो चोवीस तास चालणारा बुडबुड आवाज अचानक थांबला ना, की घर कान देऊन ऐकतंय असं वाटतं. मी मोबाइलचा उजेड टाकीवर धरला.

खड्यांच्या फटीतून एक मिशी बाहेर येत होती.

फिकट. जवळजवळ पांढरी. ती पाण्यात डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि माझ्या उजेडाच्या दिशेला येऊन थांबली. मागे मडक्याच्या अंधारात काहीतरी सरकलं. मी काचेला नाक लावून बघितलं.

ते भाऊराव होते. आणि ते मोठे झाले होते!

जिवंतपणी मडक्यात आरामात मावायचे, आता मडकं भरून गेलं होतं. मेल्यावर जीव मोठा होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि अजून ऐका. डावी नांगी! जी जन्मभर नव्हती ती! छोटीशी, नाजूक, पण पुरी दोन बोटांची डावी नांगी त्यांनी हळूच उघडली आणि मिटली.

वरती गेल्यावर तुटलेले अवयव परत मिळतात असं म्हणतात. म्हणजे भाऊराव वर जाऊन आले होते.

मी जिना कसा चढलो मला माहीत नाही. एक चप्पल खालीच राहिली, ती आणायला मी गेलो नाही.

पण पळून किती पळणार? काकूंचं घर, काकूंचा विश्वास. आणि त्यांना रुमालात बांधून बुडवणारा मीच. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी आंघोळ केली, सोवळ्याचं धोतर म्हणून पांढरा टॉवेल गुंडाळला, आणि टाकीसमोर हात जोडून बसलो. ताज्या दोन गोळ्या मडक्यासमोर ठेवल्या.

कावळा शिवत नाही तेव्हा आपण काय करतो? इच्छा विचारतो. एकेक बोलून बघतो. मीही तेच केलं.

"भाऊराव, काकूंना मी सांभाळीन. आईसारखं."

काही नाही. पाणी शांत.

"मी येता जाता काच वाजवून तुम्हाला त्रास दिला. चुकलं. माफ करा."

खडासुद्धा हलला नाही.

"मागच्या महिन्यात काकूंनी पाणी बदलायला सांगितलं होतं. मी बदललं म्हणालो. नव्हतं बदललं."

काही नाही! आता अजून काय राहिलं? काय करतात घरचं माणूस गेलं की? आणि एकदम सुचलं. तोंडातून निघूनच गेलं.

"भाऊराव, मी तुमच्यासाठी मुंडन करतो!"

मिशी बाहेर आली. मग ती फिकट, छोटी डावी नांगी बाहेर आली. तिनं गोळी उचलली, आणि आत ओढून नेली.

आता दिलेला शब्द मोडता येतो का? जिवंत माणसाला दिलेला मोडता येतो. मी काय म्हणतोय समजलं ना?

सकाळी पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, सलूनमध्ये जाऊन बसलो. सगळं काढ म्हटलं.

"का होगे भैया? कोन बीत गे?" कोण गेलं, म्हणून त्यानं वस्तरा हातातच धरून विचारलं.

"घर के ही समझो. काकू के यहाँ के."

एवढंच बोललो. खोटं काय होतं त्यात? पण त्यानं मान हलवली, पैसे घेतले नाहीत, आणि मी बाहेर पडायच्या आत शेजारच्या पानठेल्यावर गेला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

फाटकापाशी साहूभाभी भेटल्या. शेजारच्याच. काकूंचं आणि त्यांचं वाटीभर भाजी इकडून तिकडे असं घरोब्याचं. माझं डोकं बघून त्यांच्या हातातली पिशवीच गळाली.

"हाय राम! भैया! तो सच है? मैं कल से काकी को फोन लगा रही हूँ, बंद आ रहा है."

मला वाटलं, यांना भाऊरावांचं कळलं. कसं कळलं देव जाणे. दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो, माझा बांधच फुटला.

"भाभी, मेरे भरोसे छोड़ के गई थीं!"

"कैसे हुआ?"

"पता नहीं. सिर्फ खोल पड़ा था भाभी. अंदर कुछ नहीं."

"शरीर तो खोल ही है, भैया," भाभींनी पदर डोळ्यांना लावला. "और फूल?" फूल म्हणजे इकडे अस्थी.

"महादेव घाट में बहा आया. रूमाल में आ गए, इतने से थे."

भाभी हुंदका देऊन घरात पळाल्या. मला भरून आलं. म्हटलं, बघा, एका झिंग्यासाठी इतकं रडणारी माणसं आहेत जगात! मी डोक्यावर रुमाल बांधून ऑफिसला गेलो.

संध्याकाळी परत आलो तर फाटकाबाहेर चपलांचा ढीग. पोर्चमध्ये पांढरी चादर अंथरलेली. अख्खा पारा बसलेला, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, कुणीतरी खालच्या आवाजात भजन म्हणत होतं. भिंतीला टेकवून एक फोटो ठेवलेला. त्याला झेंडूचा हार. समोर उदबत्ती.

मी पुढे वाकून फोटो बघितला. काकूंचा होता.

माझ्या हातातला डबा खाली पडला. काकू? काकू गेल्या? मी गोळ्या वाहिल्या, मुंडन केलं, तरी भाऊरावांनी काकूंना नेलं? मी भाभींजवळ गेलो.

"भाभी… कब?"

भाभींनी रडता रडता डोळे वर केले. "कब मतलब? आप ही तो बताए!"

मी काही बोलणार तेवढ्यात वीज गेली. आणि फाटकाची कडी वाजली.

उदबत्तीचं टोक तेवढं लाल दिसत होतं. फाटक हळूच उघडलं. अंधारात एक पांढरी साडी आत आली. दोन पावलं चालली, थांबली. तोच आवाज, रोज जेवायला हाक मारणारा.

"काय चालू आहे माझ्या घरी? कोण मेलं?"

अहो, काय किंचाळ्या उठल्या! पुरुष मंडळी कुंपणावरून गेली. भजन म्हणणारा चादरीत गुरफटून पडला. भाभी फोटोकडे बघत, मग काकूंकडे बघत, मोठ्या मुश्किलीनं म्हणाल्या, "काकी… आप."

"मी? मी काहून मरू? फोन पाण्यात पडला माझा घाटावर, तर मी पण गेली का?"

मग मोबाइलचे उजेड लागले, कुणीतरी धीर करून काकूंच्या दंडाला हात लावून बघितला, आणि सगळा पारा माझ्याकडे वळला. काकूंनी माझं डोकं बघितलं.

"नितीन. हे काय करून बसला?"

मला खोटं बोलताच येईना. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "काकू, भाऊराव गेले."

काकूंच्या हातातली पिशवी खाली गेली. त्यांचा चेहरा त्या उजेडात मी बघितला, आणि मला वाटलं, माझ्याच फोटोला हार घातला असता तर बरं झालं असतं. त्या चप्पल न काढता काकांच्या खोलीत गेल्या. मागून मी, मागून भाभी, मागून धीट लोक.

काकू टाकीवर वाकल्या. मी मागून सांगत होतो, वजन नव्हतं, आत कोणी नव्हतं, डोळे काचेचे, आता मडक्यात त्यांचं भूत राहतं, मोठं आहे, डावी नांगी उगवली आहे.

काकूंची पाठ एकदम ताठ झाली. "डावी निघाली?"

"हो. लहान आहे, पण आहे."

काकूंनी बाह्या सारल्या, खडे अलगद बाजूला केले, आणि एक बोट मडक्याच्या तोंडाशी नेलं. फिकट मिशी आली. बोटाला लागली. मग भुतानं काकूंचं बोट धरलं.

काकू रडत होत्या आणि हसत पण होत्या. "अरे माह्या राजा! वाढला रे, वाढला!"

मग माझ्याकडे वळल्या, आणि शाळेत मागच्या बाकावरच्या पोराशी बोलतात त्या आवाजात बोलल्या.

"मूर्खा, याचं हाड किड्यामुंगीसारखं बाहेर असते, आपल्यासारखं आत नाही. बाहेरचं कवच वाढत नाही, आतला जीव वाढते. मग घट्ट झालं की पाठीवर उसवते आणि अख्खा बाहेर निघते. मिशांवरचं, पायांवरचं, डोळ्यावरची काच, पोटाचं अस्तर, सगळं काढून ठेवते. मग पाणी पिऊन फुगते, नवीन कवच ओलं आहे तवरच वाढून घेते. तुटलेली नांगी पण तेव्हाच निघते. तू घाटावर नेला तो याचा जुना अंगरखा होता!"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. पण काकूंचं बोट अजून पाण्यातच होतं, आणि त्या हसत नव्हत्या.

"अजून मऊ आहे," त्या हळू म्हणाल्या. "वाळत घातलेल्या ओल्या पापडासारखा. इतक्या दिवसांत कडक व्हायला पाहिजे होता. नितीन, तो अंगरखाच याचं जेवण असते. तोच खाऊन त्यातला चुना परत अंगात घेते. तू याच्या तोंडातला घास नेऊन बुडवला!"

म्हणजे कळलं का? मेले नव्हते तेव्हा मी त्यांचे अंत्यसंस्कार केले, आणि त्या अंत्यसंस्कारांनी आता खरंच मरायला टेकले होते.

"चुना पाहिजे. अंड्याची टरफलं. आत्ता."

काकूंच्या घरात अंडं कधी आलं नाही. पण साहूभाभी म्हणाल्या, "हव काकी, मेरे यहाँ हैं!" आणि काय सांगू, काकूंच्या शोकसभेला आलेला अख्खा पारा टरफलं गोळा करायला धावला. कुणी उकडलेली अंडी तिथंच सोलली. वीज आल्यावर भाभींच्या मिस्टरांनी पांढरा कुर्ता घालून मिक्सरमध्ये टरफलं दळली. ज्या ताटात काकूंच्या फोटोसमोर फुलं ठेवली होती त्याच ताटातून ती पूड आली. काकूंनी ती गोळ्यांना चोळून मडक्यासमोर ठेवली, टाकीत पण टाकली, मग सगळ्यांना घरी पाठवलं आणि खुर्चीत शाल घेऊन बसल्या.

मी जिन्यावर बसलो. वर जायची हिंमत होत नव्हती आणि खाली बसायची लाज वाटत होती. पुढचे दोन दिवस मी ऑफिसला गेलो नाही. काकूंनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, पण जेवायला हाक मारायच्या. फोटो तसाच पोर्चमध्ये उलटा पडून होता, त्याला हात लावायला मी घाबरत होतो.

मग एका संध्याकाळी, दिवा लागल्या लागल्या, मला जिन्यावर ऐकू आलं.

टक. टक.

मी धावत आत गेलो. भाऊराव मडक्याबाहेर उभे होते, निळेशार, काचेसमोर, आणि कडक नांगी आपटत होते. मोठी उजवी आणि छोटी डावी, दोन्ही. मला रडूच आलं हो. काकू खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. डोकं तेव्हा नुकतंच खरखरीत झालं होतं.

"यांच्या वेळी कोणी डोकं केलं नव्हतं रे," काकू म्हणाल्या. "पोरगा तर नाहीच. पुतण्या आला होता, तर म्हणे, काकू, ऑफिसात वाईट दिसते. मी काही बोलली नाही. पण मनात राहून गेलं होतं."

आता अशा वेळी माणसानं गप्प बसावं की नाही? पण नाही! वाटलं, इतकी मोठी चूक केली तर निदान तिचं काही पुण्य काकूंच्या पदरात पडू दे.

"काकू," मी म्हटलं, "मग हे काकांसाठीच केलं असं समजा."

काकूंनी माझ्या डोक्यावरचा हात काढला.

"नको बाप्पा," त्या म्हणाल्या. "यांना कळलं तर वरून खाली येतील. तुले खोली काहून दिली होती, माहीत आहे का? तीन जण आले होते पाहायले, दोघं तर तुह्यापेक्षा जास्त भाडं देऊन राहिले होते. पण हेच म्हणाले, नाही, याच पोट्ट्याले ठेव. हा कीटकशास्त्रात एम.एस्सी. आहे. आपल्या माघारी भाऊरावाले काही झालं, तर घरात एक जाणकार माणूस तरी राहील!"

तेव्हापासून कोणी माझं शिक्षण विचारलं ना, तर मी बी.कॉम. सांगतो.